कॅसेटच्या शेवटी उरलेला आवाज

(मुरूडमध्ये वाचकांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादन करून)



आमंत्रण देणाऱ्यांनी विषय सुचवला होता 'एका स्वतंत्र लेखकाचा प्रवास'. मी त्यांना म्हटलं, प्रवास फार लांबचा नाही. सात वर्षांत एक पुस्तक, तेही दीडशे पानांच्या आतलं, आणि छापल्या त्या दोनशे प्रती. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्यात सात वर्षांत एवढंच काम केलं असतं तर कधीच घरी पाठवलं असतं. पण लिहिताना कुठे अडलो आणि छापताना काय काय ठरवलं ते सांगण्यासारखं आहे. त्यातल्या एका निर्णयावरून आमच्या घरात अजून दोन माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. समोर काही खाला-फुफी बसल्या आहेत, म्हणून आधीच सांगतो, ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून आलो आहे.

सुरुवात ३ जून २०२० पासून करतो. निसर्ग वादळ. या खोलीतल्या कुणालाही त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. आमच्या घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, आणि माळ्यावरची लोखंडी पेटी रात्रभर पावसात भिजली. त्या पेटीत दादाच्या बोटीवरच्या नोकरीचे कागद होते, पत्रं होती, सगळ्यांचा लगदा झाला. टाळेबंदीचे दिवस, मी घरूनच काम करत होतो, म्हणून आवरायला मीच होतो. पेटीच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकण गच्च बसलेला. त्यात तेवीस कॅसेट.

त्याआधी दोन वर्षं मी कादंबरी लिहीत होतो. खाडीकाठचं गाव, आखातातला बाप, शहरात शिकलेला मुलगा. साठ-सत्तर पानं झाली होती आणि एकही माणूस त्यात जिवंत नव्हता. सगळे माझ्यासारखे बोलायचे. डबा सापडला आणि कादंबरी बाजूला राहिली. आजही ती बाजूलाच आहे. कुणी विचारलं तर मी 'चालू आहे' म्हणतो.

ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आपल्या किनाऱ्यावरची माणसं कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागली. बोटीवर जाणं त्याआधीपासून होतंच. गावात फोन नव्हता. पत्र लिहायचं तर अनेक घरांत ते दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या पत्रात बायको नवऱ्याला काय सांगणार? तब्येत ठीक, मुलं ठीक, पैसे पोचले. टेपरेकॉर्डर आला आणि मधला माणूस गेला. रात्री सगळे झोपले की बटण दाबायचं आणि बोलायचं. सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सामानातून कॅसेट जायची, यायची.

आमच्या डब्यातल्या कॅसेट माझ्या बड्या चाचांच्या. ते कुवेतला होते, चाची इथे. पण कोरी कॅसेट ही महागाची वस्तू, म्हणून एकच कॅसेट दोघं वापरायचे. चाचीने बोलून पाठवली की चाचा ती ऐकायचे आणि तिच्यावरच आपलं उत्तर भरून परत पाठवायचे. मग चाची पुन्हा त्यावर. म्हणजे घरी जी कॅसेट राहिली तिच्यात शेवटचं बोलणं चाचांचं. चाचीचं त्याखाली पुसलं गेलेलं.

मी पहिल्या चार कॅसेट ऐकल्या तेव्हा मला वाटलं, हे चाचांचं पुस्तक होणार. पाचव्या कॅसेटला चाचा 'खुदा हाफिज' म्हणाले, बटणाचा खट् आवाज आला, मी उठून बंद करायला गेलो आणि एका बाईचा आवाज सुरू झाला. वाक्याच्या मधूनच. चाचीचा, तिशीतला. चाचा पंचवीस मिनिटं बोलले होते, ती तीस मिनिटं बोलली होती. शेवटची पाच मिनिटं पुसली गेली नव्हती.

मी मागे जाऊन पहिल्या चारही कॅसेट शेवटपर्यंत चालवल्या. तीनांच्या टोकाला ती होती. चाचा मुळात कमी बोलणारे. ते बोलके असते तर चाचीचा एक शब्द उरला नसता. तेवीस कॅसेटमध्ये मिळून तिचा आवाज तासाभराच्या आत आहे, आणि बहुतेक वेळा वाक्य अर्ध्यातून सुरू होतं, कारण त्याचा आधीचा भाग नवऱ्याच्या बोलण्याखाली गेलाय. शेवटची कॅसेट जुलै १९९० ची. पुढच्या महिन्यात इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. एअर इंडियाने त्या वेळी सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून. चाचा त्यांत होते. एका पिशवीनिशी आले. कुवेतच्या खोलीत ज्या कॅसेट होत्या, ज्यांत शेवटचं बोलणं चाचीचं होतं, त्या तिथेच राहिल्या.

म्हणजे माझ्या हातात जे आहे ते उरलेलं आहे. पुस्तक त्या उरलेल्या तुकड्यांचं आहे. आधी तुकडा, मग त्यावर मी जमवलेली माहिती: त्या महिन्यात घरात काय चाललं होतं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, लाँच बंद होती का.

आता भाषेचं. मी इंजिनिअर, म्हणून पहिला आळशी विचार आला की हे सगळं मशीनकडून उतरवून घेऊ. आवाज देऊन मजकूर काढणारं सॉफ्टवेअर आधी विचारतं, भाषा कोणती? मराठी निवडलं तर अरबी-फारसी शब्दांचा चुराडा, उर्दू निवडलं तर क्रियापदांचा. आपण घरात जे बोलतो ते त्या यादीत नाही. मोजणीत आपण मराठी किंवा उर्दू असे लिहिले जातो, आणि बोलताना दोन्हींच्या मधल्या वाटेने जातो. त्यामुळे कानाला लावून, थांबवून, मागे नेऊन, हाताने लिहिलं. एका मिनिटाला कधी कधी अख्खी संध्याकाळ लागायची. काही शब्द मला कळेनात, फुफीला विचारायला जायचो. ती तीन शब्द सांगायची आणि तीस गोष्टी.

मग लिपी. चाची उर्दू माध्यमात चौथीपर्यंत शिकली. देवनागरी तिला अडखळत वाचता येते, दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, इतपत. माझं उलटं. उर्दू मी वाचतो, पण पान संपायला वेळ लागतो. तिच्याच बोलण्याचं पुस्तक तिला न येणाऱ्या लिपीत करायचं का? आणि उर्दूत केलं तर तिच्या नाती, ज्या सगळ्या मराठी-इंग्रजी शाळांत आहेत, त्या वाचणार कशा? मी देवनागरी घेतली. ती बरोबरच होती असं म्हणणार नाही. त्याची भरपाई कशी केली ते पुढे येईल.

इथे मला बहिणाबाई चौधरींची आठवण काढावीशी वाटते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी जे टिपून ठेवलं ते १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापलं गेलं, बोली तशीच ठेवून. महाराष्ट्राने ती बोली डोक्यावर घेतली. 'वाचकाला कळणार नाही' म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये वारल्या. पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. कुठली ओळ ठेवा, कुठली नको, हे त्यांना कुणी विचारू शकलं नाही. माझी चाची हयात आहे, आणि चांगली खणखणीत आहे. माझी सगळी अडचण तिथून सुरू झाली, आणि पुस्तकाचं बरं-वाईट जे झालं तेही तिथूनच.

त्याआधी अक्षरांची एक गंमत सांगतो, नाहीतर राहून जाईल. आपल्याकडे छापखान्यांत अजून जुने फाँट चालतात. मी युनिकोडमध्ये टाईप केलेली फाइल दिली, त्यांनी ती त्यांच्या फाँटमध्ये बदलली, आणि पहिलं प्रूफ आलं तेव्हा पुस्तकभर 'दर्या' होता तिथे 'दऱ्या' झालं होतं. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे र आहेत, एक नेहमीचा आणि एक खाली टिंब असलेला, आणि य जोडला की एक रफार होतो, दुसरा आडवा. बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळे एकाच साच्यात घातले. त्यामुळे माझ्या पुस्तकातले सगळे खलाशी दर्यावर जाण्याऐवजी दऱ्यांत गेले. हसू नका, दुसऱ्या प्रूफात उलटं झालं आणि घाटातल्या दऱ्यांमध्ये पाणी भरलं. तुमच्यापैकी कुणी छापायला देणार असाल तर एवढं करा, छापखान्याकडून पीडीएफ घ्या आणि स्वतः, कागदावर काढून, अक्षरन् अक्षर वाचा.

प्रकाशकांकडे गेलो होतो. नावं घेणार नाही. एकाने हस्तलिखित खरंच वाचलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर अडलं. पहिली, तुकडे प्रमाण मराठीत करा, बोली तळटीपेत द्या. म्हणजे बाईचं बोलणं तळघरात आणि माझं भाषांतर दिवाणखान्यात. दुसरी मुखपृष्ठाची. त्यांच्या मनात जाळीच्या खिडकीमागे नकाब घेतलेली बाई होती. आमच्या चाचीने टेपरेकॉर्डर चुलीजवळ ठेवून, मासे साफ करता करता बोललेलं आहे. एका तुकड्यात सुरी घासल्याचा आवाज स्पष्ट येतो. तिथे जाळीची खिडकी कुठून आणू? दुसऱ्या एका ठिकाणी पुस्तक न वाचताच स्वीकारलं. अट एवढीच, पाचशे प्रती लेखकाने विकत घ्यायच्या. पाचशे प्रती विकत घेणार असेन तर प्रकाशक मीच झालो की.

तिसरा मार्ग 'पॅकेज'चा. पैसे भरा, पुस्तक तयार. त्यात आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळी रक्कम लावली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे लिहिणारी मुलं-मुली बसलेली आहेत: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. मी केला, मिळाला. त्यासाठी कुणाला एक रुपया देऊ नका.

स्वतः छापणं म्हणजे कुणी घेतलं नाही म्हणून केलेली तडजोड, असं आपल्याकडे बघतात. आपल्याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा खोतीविरुद्धचा संप १९३३ मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये 'कृषीवल' काढलं. कुळांचं म्हणणं दुसरं कुणी नीट मांडेल याची वाट पाहत ते बसले नाहीत. माझं पुस्तक काही संपाएवढं नाही, हे मला माहीत आहे. पण अलिबागच्या रस्त्यावर ते नाव दिसलं की मला धीर येतो.

आता मुख्य गोष्ट.

अकराव्या कॅसेटच्या टोकाला, साधारण साडेतीन मिनिटं, चाची बांगड्यांबद्दल बोलते. घर बांधायला काढलं होतं, चाचांचे पैसे पुरेनात, तेव्हा तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या दिल्या. मेहरमधल्या आणि माहेरच्या. देताना ठरलं होतं की घराच्या नोंदीत तिचंही नाव लागेल. कॅसेटमध्ये ती नवऱ्याला त्याची आठवण करून देते, हिशेब सांगते, कुठल्या सोनाराकडे गेल्या, वजन किती भरलं, पैसे कुणाच्या हातात दिले. आवाज चढवत नाही. तिचं नाव लागलं नाही. आज ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिघा भावांची नावं आहेत, त्यांतले बडे चाचा आता नाहीत.

मी हे छापणार आहे असं कळल्यावर छोटे चाचा माझ्याकडे आले. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली आहे. म्हणाले, घरातलं घरात राहू दे, शरियतप्रमाणे विधवेला आठवा हिस्सा आहे, तो कुणी नाकारत नाही. मी त्यांना म्हटलं, आठवा हिस्सा वारशाचा. बांगड्या वारसा नाहीत, त्या तिच्या स्वतःच्या होत्या. शरियतमध्येसुद्धा आधी कफन-दफन, मग मयताचं कर्ज, मग वसियत, आणि त्यानंतर वाटणी. आधी तिचं देणं फेडा, मग आठव्या हिश्श्याचं बोलू. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, 'तू लेखक आहेस की वकील?'

बरोबर विचारलं त्यांनी. मला ते पुस्तक पुरावा म्हणून करायचं नव्हतं. आणि दुसराही प्रश्न होता, जो त्यांनी विचारला नाही आणि मलाच रात्री पडायचा. ही कॅसेट माझी कुठे आहे? कायद्याने पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. पत्र माझ्या पेटीत आहे म्हणून ते छापायचा हक्क मला मिळत नाही. कॅसेटबद्दल वकील काय म्हणतील ते म्हणोत, मी स्वतःला तोच नियम लावला. बोलणारी चाची, तर मजकूर चाचीचा.

आपल्या चळवळीतल्या माणसांना इथे हमीद दलवाई आठवणारच. शेजारच्या जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 'इंधन' १९६५ ची. कोकणी मुसलमानाचं गाव मराठी कादंबरीत इतकं आतून त्याआधी आलं नव्हतं, आणि मला विचाराल तर नंतरही फारसं आलेलं नाही. मी दर दोन-तीन वर्षांनी ती वाचतो. त्या कादंबरीवरून आपल्याच माणसांचा रोष त्यांना सोसावा लागला. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी लेखकाच्या धैर्याची म्हणून सांगतात, आणि धैर्य होतंच. पण पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ ला, सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, दलवाई त्यांच्या सोबत. त्या सात जणी कुणाच्या कादंबरीतली पात्रं नव्हत्या. स्वतः चालत गेल्या, स्वतःच्या तोंडाने बोलल्या. कादंबरीकाराला आपल्या माणसांना न विचारता लिहिण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. माझी ती अर्धवट कादंबरी पुरी झाली तर मीही कुणाला विचारणार नाही. पण हे पुस्तक कादंबरी नाही. इथे आवाज खरा आहे, आणि आवाजाची मालकीण दोन घरं पलीकडे राहते.

म्हणून लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. चार रविवार. तिचे सगळे तुकडे तिला ऐकवले, एकेक करून. पहिल्या रविवारी ती फक्त हसत होती, आवाज किती बारीक होता म्हणून. दुसऱ्या रविवारी तिने मला दोन ठिकाणी दुरुस्त केलं, मी 'वली' लिहिलं होतं ते 'वाली' होतं, सगळा अर्थ बदलला. बांगड्यांचा तुकडा मी मुद्दाम तिसऱ्या रविवारी ठेवला. मला वाटलं होतं, ती म्हणेल हा काढ. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, वजन मी बरोबर सांगितलंय का ते नीट ऐकलंस ना? म्हटलं, हो. म्हणाली, मग लिव.

मी तिला छोट्या चाचांचं सांगितलं. ती म्हणाली, त्याला सांग, मी भांडायला नाही बोलले, मी नवऱ्याला बोलले होते. आता नवरा नाही, तर सगळ्यांनी ऐका.

चौथ्या रविवारी शेवटचे तीन तुकडे होते. त्यांतला एक जेमतेम चाळीस सेकंदांचा. पुस्तकातला सगळ्यात चांगला मजकूर तो होता. लिहिणारा म्हणून सांगतो, सात वर्षांत मी कागदावर जे काही उतरवलं त्यात तेवढं चांगलं काही नव्हतं. माझ्या मसुद्यात पुस्तक तिथेच संपत होतं. चाचीने तो ऐकला, लॅपटॉपकडे बघत राहिली, मग पदर सारखा केला आणि म्हणाली, हे नाय. हे त्याचं आणि माझं.

मी अर्धा तास वकिली केली, खोटं बोलत नाही. म्हटलं, चाची, यात लाजण्यासारखं काही नाही, उलट हे वाचून लोकांना तुझ्याबद्दल, चाचांबद्दल आदर वाटेल. तिने चहा केला, मला दिला, आणि पुन्हा तेच म्हणाली. बांगड्यांचं जगाला सांग, हे नाय.

काढला. म्हणून तुम्हालाही तो ऐकवणार नाही, मघाशी कुणीतरी हळूच विचारलं होतं. पुस्तकाचा शेवट आता जरा अचानक होतो. एका परीक्षणात तसं लिहिलंयही, की शेवट सैल आहे. खरं आहे, सैल आहे.

छापण्याचे बाकीचे निर्णय या एका गोष्टीतून आले. प्रकाशक असता तर तो तुकडा काढायला तयार झाला असता का, मला माहीत नाही. मला ते कुणाला पटवून द्यायचं नव्हतं. म्हणून स्वतः छापलं. दोनशेच प्रती, डिजिटल छपाईवर, कारण चाचीला वर्षभराने आणखी काही नको वाटलं तर पुढच्या छपाईत काढता यावं. ई-बुक केलं नाही. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, लेखक स्वतःचं पुस्तक तिथे चढवू शकतो, आणि दुबई, केपटाऊनच्या आपल्या माणसांनी त्यासाठी माझा पिच्छा पुरवलाय. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, टपालखर्चात त्यांना पुस्तक परवडत नाही. पण मी या धंद्यातला माणूस आहे. एकदा फाइल बाहेर गेली की मागे घेता येते हे फक्त आम्ही तुम्हाला सांगतो. एक वर्ष थांबा म्हटलंय. चाची काय म्हणते बघू.

आवाजाचं मात्र केलं. ती मघाची भरपाई. चाचीला देवनागरी पुस्तक वाचता येत नाही, म्हणून माझ्या बहिणीने सगळं पुस्तक वाचून रेकॉर्ड केलं आणि तुकड्यांच्या जागी खरा आवाज लावला. ते कुठेही चढवलेलं नाही. पेनड्राइव्हवर घरात दिलंय. चाचीने स्वतःच्या पुस्तकाचे वाचक असे तीन-चार घरांत जमवले आहेत, दुपारी बायका येऊन ऐकतात. माझ्या दोनशे प्रतींपेक्षा तो खप जास्त असावा.

विक्रीचं थोडक्यात. दुकानांतून फार नाही. ग्रंथालयांना पुरवणारे जी सवलत मागतात तीत छपाईखर्चही निघत नाही. बहुतेक प्रती टपालाने गेल्या. पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा २०२४ च्या शेवटी बंद झाली तेव्हा घाबरलो होतो, मग १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं: सुरुवातीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पुस्तकात जाहिराती नकोत एवढं लक्षात ठेवा. आणखी एक काम, जे स्वतः छापणारे बहुतेक विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मी पाठवल्या. चाचीला सांगितलं, तुझ्या बांगड्यांचं वजन आता कोलकात्यात जमा आहे. तिने विचारलं, तिथे कोण वाचणार मराठी? मी म्हटलं, कुणी नाही, पण ठेवून घेतात.

नमुना आठवर अजून तीच तीन नावं आहेत. छोटे चाचा ईदला आले होते, माझ्याशी बोलले नाहीत, चाचीकडे बसले, शीरखुर्मा खाल्ला. जाताना तिच्याकडून पेनड्राइव्ह मागून घेऊन गेले. त्यानंतर काही कळलेलं नाही.

बारा कॅसेट उतरवून झाल्या त्यांचंच हे पुस्तक. अकरा बाकी आहेत, त्यांतल्या चारांना बुरशी आहे. आपल्या हवेत दुसरं काय होणार. म्हणून जाता जाता एक विनंती. तुमच्या माळ्यावर अशा कॅसेट असतीलच. त्या सापडल्या की आनंदाने लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, जुना पट्टा चिकटलेला असतो, मशीन तो ओढून तोडतं. आधी उजेडात धरून पांढरे डाग आहेत का बघा. नसतील तर पेन्सिल घालून हाताने, हळू, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. मागचे दोन लहान चौकोन मोडलेले नसतील तर त्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ शकतं, म्हणून ते आधी मोडून टाका. आणि ऐकताना, बोलणाऱ्याने निरोप घेतला तरी बंद करू नका. पट्टा संपेपर्यंत चालू द्या.

मी मशीन गाडीत घेऊन आलोय. चहा झाल्यावर कुणाकडे काही असेल तर बघू.